रांगणाऱ्या मुलांसाठी दहा बाय चौदाच्या खोलीतलं लायटिंग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गिरगावातल्या चाळीत आजोबांची दहा बाय चौदाची खोली रिकामी झाली आहे आणि तिथे सहा महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलांचे फोटो काढायचा छोटा स्टुडिओ करायचा आहे. हाताशी २०० वॉटसेकंदाचे (हे फ्लॅशच्या ताकदीचं माप) दोन फ्लॅश, ६० बाय ९० सेंटिमीटरचा एक सॉफ्टबॉक्स, म्हणजे फ्लॅशचा उजेड मऊ करणारी कापडी पेटी, आणि एक पांढरी छत्री. शेजाऱ्यांच्या मुलांवर प्रयोग केलेत तेव्हा डोळे काळवंडले, मागच्या पडद्यावर काळीकुट्ट सावली पडली आणि निम्मे फोटो एक उजळ, एक काळा असे निघाले. फ्लॅशने बाळाच्या डोळ्यांना इजा होते का आणि त्याऐवजी एलईडी घ्यावे का, हेही विचारलंत.

दादरला बावीस वर्षं मी हेच काम करते आहे. सुरुवातीची सहा वर्षं लग्नाळू मुलामुलींचे फोटो काढण्यात गेली आणि लायटिंग मी त्यातच शिकले. स्टूल ठेवायचं, माणूस बसवायचा, ‘हनुवटी जरा खाली’ म्हणायचं आणि लाइट त्याच्या नाकाच्या सावलीकडे बघून इंच-इंच सरकवायचा. पहिल्यांदा दीड वर्षाचा एक गृहस्थ समोर आला तेव्हा ते सगळं शास्त्र पाच मिनिटांत आडवं झालं. मी लाइट लावला तिथे तो नव्हताच, तो पडद्यामागे होता. तुमच्या तिन्ही तक्रारी याच चुकीच्या पोटातून आल्या आहेत. तुम्ही चेहऱ्याला लाइट केलात. या वयात लाइट जागेला करायचा असतो. चटईएवढा, म्हणजे साधारण चार बाय पाच फुटांचा तुकडा असा उजळायचा की मूल त्यात कुठेही गेलं, कुठेही वळलं तरी फोटो चालला पाहिजे. मग मूल आपलं खेळतं आणि आपण आपलं काम करतो.

आता ‘एक उजळ, एक काळा’ हे का होतं ते बघा. आरतीचं तबक चेहऱ्याजवळ आलं की कपाळ लख्ख उजळतं आणि हात वीतभर मागे घेतला की चेहरा विझतो. मोठ्या समईपासून सहा फुटांवर बसलेल्या माणसाला मात्र वीतभर पुढे-मागे झाल्याने काही फरक पडत नाही. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, हा नियम तुम्ही वाचला असेलच. मुलांच्या बाबतीत तो असा चावतो: सॉफ्टबॉक्स मुलापासून तीन फुटांवर आहे आणि मूल एक फूट पुढे रांगलं, तर उजेड सव्वादोन पट होतो, म्हणजे एका स्टॉपहून जास्त (उजेड दुप्पट किंवा निम्मा झाला की एक स्टॉप). गाल पांढरे पडले, फोटो गेला. तोच लाइट सहा फुटांवर असेल तर त्याच एका फुटाने फरक पडतो अर्ध्या स्टॉपचा. आठ फुटांवर असेल तर त्याहूनही कमी, आणि तेवढा संगणकावर सहज सावरता येतो. म्हणून लाइट लांब न्या. पुस्तकांत ‘लाइट जितका जवळ तितका मऊ’ असं लिहिलेलं असतं आणि ते खरंच आहे, पण ते स्टुलावर बसणाऱ्यांसाठी.

लांब नेला की दुसरी अडचण येते. ६० बाय ९० चा सॉफ्टबॉक्स सहा फुटांवर गेला की मुलाच्या नजरेतून खिडकीएवढा राहत नाही, पुस्तकाएवढा होतो. सावली टोकदार होते. लाइट मऊ आहे की कडक हे त्याच्या किमतीवर किंवा नावावर ठरत नाही, मुलाच्या जागेवरून तो केवढा दिसतो यावर ठरतं. तेव्हा लांब नेलात तर मोठा करा. यावर स्वस्त उपाय दोन आहेत. एक, सात फुटी पांढरी छत्री. तिच्यातून उजेड चहूकडे सांडतो म्हणून मोठ्यांच्या पोर्ट्रेटवाले नाकं मुरडतात. आपल्याला मात्र तो सांडलेला उजेडच हवा आहे, कारण छोट्या खोलीत तो भिंतींवरून परत येतो आणि सावल्या फुकटात भरून काढतो.

दुसरा उपाय माझ्या जास्त आवडीचा, कारण तो खोलीतच आहे: भिंत. कॅमेऱ्याच्या पाठीमागे थोडं डावीकडे, भिंत आणि छत जिथे मिळतं तिथून फूट-दीड फूट खालच्या भागावर उघड्या फ्लॅशचं तोंड करा. ती पाच-सहा फुटांची भिंतच तुमचा सॉफ्टबॉक्स होते. असा सॉफ्टबॉक्स विकत घ्यायला गेलात तर तो ठेवायला दुसरी खोली लागेल. उजेड दोनेक स्टॉप खर्च होतो, पण २०० वॉटसेकंदाला ते जड नाही. फक्त नुसत्या छतावर मारू नका. वरून पडणाऱ्या उजेडात कपाळ चमकतं आणि डोळे खड्ड्यात जातात. तुमच्या खोलीत पोटमाळा असेल तर त्याची लाकडी फळी पिवळट उजेड परत फेकते, तिकडेही नको.

भिंतीचा रंगही बघून घ्या. चाळीतल्या जुन्या खोल्या हमखास पोपटी, नाही तर आकाशी असतात. पोपटी भिंतीवरून आलेला उजेड बाळाला कावीळ झाल्यासारखं दाखवतो आणि हा डाग नंतर निघत नाही, कारण चेहऱ्याची एक बाजू पोपटी असते आणि दुसरी नीट असते. एक तर भिंत पांढरी करून घ्या, नाही तर दोरीवर पांढरी डबल चादर टाका. कापड घ्यायला मंगळदास मार्केटमध्ये गेलात तर चादरीसाठी आणि उजेड गाळायच्या पडद्यासाठी शुभ्र मलमल घ्या. मांजरपाट स्वस्त असतो, पण तो मुळातच पिवळसर, त्यातून गाळलेला उजेडही पिवळसर येतो. मांजरपाट घ्यायचाच तर रंगवून मागच्या पडद्याला वापरा, त्याला तो उत्तम. घेताना पन्हा विचारा. जोड आलेला पडदा फोटोत नेमका मुलाच्या डोक्यामागून जातो.

काळवंडलेल्या डोळ्यांवर जरा जास्त बोलते, कारण निम्मं पोर्ट्रेट तिथेच असतं. मोठ्या माणसासाठी लाइट डोळ्यांच्या बराच वर आणि ४५ अंश बाजूला लावायची सवय असते. स्टँड त्याच उंचीवर ठेवून तुम्ही मूल जमिनीवर बसवलंत. दहा महिन्यांच्या बसलेल्या बाळाचे डोळे जमिनीपासून जेमतेम सव्वा फुटावर असतात. सहा फूट उंचीचा लाइट त्याच्यासाठी भर दुपारचा सूर्यच झाला. त्यात बाळाचं कपाळ पुढे आलेलं असतं आणि ते सारखं खाली, हातातल्या खेळण्याकडे बघत असतं. डोळ्यांत उजेड शिरणार कुठून? आपल्याकडच्या मुलांचे डोळे बहुतेक काळे किंवा गडद तपकिरी असतात, त्यांत लाइटचं प्रतिबिंब नसेल तर बुबुळ आणि बाहुली मिळून नुसतं एक काळं भोक दिसतं. निळ्या डोळ्यांच्या मुलांचे फोटो बघून लायटिंग शिकणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही.

म्हणून लाइट खाली उतरवा. छत्रीचा मध्य मुलाच्या डोळ्यांच्या फूट-दीड फूटच वर हवा, खालची कड जवळपास जमिनीला टेकली तरी बिघडत नाही. बाजूलाही फार नेऊ नका, कॅमेऱ्यापासून ३० अंश पुरे. मुलांच्या चेहऱ्यात गालफडं, जबडा असं कोरून काढण्यासारखं काही नसतं, सगळा गोलवा असतो. तो गोलवा दिसण्याइतपत सावली हवी. उजळ गाल आणि सावलीतला गाल यांत एका स्टॉपचा फरक मी ठेवते. त्याहून जास्त झाला की दोन वर्षांचं मूल उगाच विचारवंत दिसायला लागतं.

प्रतिबिंब कुठे पडणार हे मूल यायच्या आधी बघायचं असेल तर स्वयंपाकघरातला स्टीलचा चमचा आणा. जिथे मुलाचे डोळे येणार तिथे त्याची फुगीर बाजू कॅमेऱ्याकडे करून धरा आणि कॅमेऱ्याच्या जागेवरून बघा. चमच्यावर छत्री जिथे दिसते, साधारण तिथेच ती डोळ्यांत दिसणार. घड्याळात दहा किंवा दोन वाजतात त्या जागी हवी. बाराच्याही वर सरकून कडेला गेली असेल तर लाइट अजून उंच आहे.

दुसरी गोष्ट जमिनीची. चाळीतल्या जुन्या रंगीत किंवा शहाबादी फरशीवर मूल बसवलंत तर खालून काहीच उजेड परत येत नाही. मुलाखाली आणि त्याच्यापुढे तीनेक फूट पांढरी चादर किंवा पांढरी सतरंजी पसरा. खाली बघणाऱ्या चेहऱ्यात ती खालून उजेड भरते. माझ्या पाहण्यातल्या सगळ्या युक्त्यांमध्ये सर्वांत कमी पैशांत सर्वांत जास्त फरक याच एका चादरीने पडतो. चादर फ्रेममध्ये नको असेल तर ती कॅमेऱ्याच्या आणि मुलाच्या मध्ये, चौकटीच्या बाहेर ठेवा. तुम्ही स्वतः पोटावर झोपून फोटो काढायचे आहेत हे वेगळं सांगायला नको. काळा शर्ट घालून झोपू नका एवढंच, तोही उजेड गिळतो.

पडद्यावरची सावली ही अंतराची बाब आहे. तुमच्या चौदा फुटांची वाटणी मी अशी करीन: पडदा आणि त्याचा स्टँड यांना एक फूट, पडद्यापासून मुलापर्यंत चार फूट, मुलापासून कॅमेऱ्यापर्यंत सहा फूट, उरलेले तीन तुम्हाला आणि फ्लॅशला. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर, म्हणजे ज्याचा सेन्सर जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा असतो त्यावर, ५० मिमीची लेन्स सहा फुटांवरून उभं धरलेल्या चौकटीत तीन फुटांचं मूल पायापर्यंत सहज पकडते. ८५ ची लेन्स चेहऱ्यासाठी ठेवा, या खोलीत तिच्याने उभं मूल मावणार नाही. मूल पडद्याला टेकलं तर सावली पडणारच. पण लाइट मोठा आणि कॅमेऱ्याच्या जवळच्या कोनात असेल तर ती फिकट होऊन मुलाच्या मागेच लपते. दुसरा फ्लॅश पडद्यावर मारायचा मोह होईल. शुभ्र पांढरी पार्श्वभूमीच हवी असेल तरच मारा आणि मुलावरच्या उजेडापेक्षा एका स्टॉपने जास्त ठेवा. तीन स्टॉप जास्त ठेवलात तर मागचा उजेड केसांच्या कडा खाऊन टाकतो, आणि जावळ काढलेल्या डोक्याची तर बाह्यरेखाच दिसत नाही.

कॅमेऱ्याचे आकडे: आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) २००, लेन्सचं छिद्र एफ ८, शटर १/१६० सेकंद. एफ २.८ चा हव्यास इथे सोडा, एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं आणि फोकसची खोली कमी. मूल पुढे झुकलं की एक डोळा शार्प आणि दुसरा धूसर येतो. हे आकडे लावून फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. तो जवळपास काळा आला पाहिजे. तसा आला म्हणजे खोलीतल्या ट्यूबलाइटचा फोटोवर काही हक्क राहिला नाही, आणि म्हणूनच ट्यूबलाइट चालू ठेवा. स्टुडिओ म्हटलं की अंधार करायची रीत मोठ्यांसाठी असेल. अंधाऱ्या खोलीत अनोळखी बाई आणि मध्येच लखकन वीज चमकते, असं झालं तर मीही रडेन.

फ्लॅश फुल पॉवरवर चालवू नका. एक म्हणजे पुन्हा भरायला वेळ लागतो, आणि मुलाचं हसू तेवढं थांबत नाही. दुसरं म्हणजे स्पीडलाइट (कॅमेऱ्यावर बसणारा छोटा फ्लॅश) आणि त्याच पद्धतीने चालणाऱ्या नव्या स्टुडिओ फ्लॅशमध्ये पॉवर कमी केली की लखलखाट आणखी छोटा होतो आणि हलणारे हातपाय स्वच्छ गोठतात. जुन्या पद्धतीच्या बऱ्याच स्टुडिओ फ्लॅशमध्ये मात्र नेमकं उलट असतं, पॉवर कमी केली की लखलखाट लांबतो. तुमचे कुठल्या जातीचे आहेत ते बघायला नळाची धार सोडा आणि निरनिराळ्या पॉवरवर फोटो काढा, थेंब कुठे गोठतात ते दिसेल. उजेड कमी पडला तर आयएसओ ४०० करा, आजच्या कॅमेऱ्यांना ते काहीच नाही. आणि पुन्हा भरल्यावर येणारा फ्लॅशचा तो ‘टी’ आवाज पहिल्या दिवशीच बंद करून टाका. तुम्हाला तो ऐकू येईनासा झालेला असतो, पण बाळ दर वेळी मान वळवून त्याच्याकडे बघतं.

एलईडी की फ्लॅश? रांगणाऱ्या, पळणाऱ्या मुलांसाठी माझं मत फ्लॅशच. माझ्याकडे ६० वॉटचा एलईडी आहे. सॉफ्टबॉक्स लावून सहा-सात फुटांवरून मुलाला १/२५० शटरने पकडायचं तर एफ ४ ला आयएसओ १६०० ते ३२०० च्या घरात जावं लागतं. म्हणजे फोकसची खोली गेली आणि दाणेही आले. उजेड वाढवायला मोठा एलईडी आणलात तर मूल डोळे बारीक करतं, कारण तो सारखा डोळ्यांवर असतो. फ्लॅशचा उजेड फोटोपुरता येऊन जातो. शिवाय स्वस्त एलईडीचा थरथराट असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हलक्या प्रतीचा दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो आणि जलद शटरला फोटोत आडवे पट्टे उमटतात. हे पट्टे कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर दिसत नाहीत, घरी गेल्यावर दिसतात.

तीन-चार महिन्यांच्या आतल्या बाळांचा मात्र वेगळा विचार करा. ती हलत नाहीत आणि अचानक काही झालं की दचकून दोन्ही हात फेकतात. त्यांच्यासाठी एलईडी मंद करून चालतो, आणि त्याहून चांगली तुमची खिडकी. चाळीच्या सज्जात उघडणारी खिडकी असेल तर वरच्या छपरामुळे ऊन थेट येत नाही आणि मऊ आडवा उजेड मिळतो. वीज नव्हती तेव्हाचे स्टुडिओ उत्तरेकडच्या काचेवर चालायचे, ते याचसाठी. त्या काळी फोटोला काही सेकंद लागायचे. मग बाळ हलू नये म्हणून आईला कापडाखाली झाकून खुर्चीसारखी बसवायचे आणि बाळ तिच्या मांडीवर. एकोणिसाव्या शतकातले असे युरोपातले फोटो बघायला मिळतात, खुर्चीच्या आत आई आहे हे एकदा कळलं की दुसरं काही दिसत नाही. आपल्याकडे उत्तरेच्या खिडकीचा नियम बाराही महिने चालत नाही, तेवढं लक्षात ठेवा. मुंबई १९ अंशांवर आहे, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारीही सूर्य डोक्याच्या थोडा उत्तरेलाच असतो. निम्मे दिवस ढगच असतात म्हणून ते जाणवत नाही.

डोळ्यांची भीती आई-बाबांपेक्षा आजीला जास्त असते आणि ती तुम्हाला रोज भेटणार आहे. साध्या फोटोच्या फ्लॅशने बाळाच्या डोळ्यांना इजा होते असा पुरावा नाही. त्यात तुम्ही तो छत्रीतून किंवा भिंतीवरून मारणार, म्हणजे आणखी सौम्य. तरी उघडा फ्लॅश बाळापासून हातभर अंतरावर कधीच नको. दिवस भरायच्या आत जन्मलेलं बाळ असेल, किंवा मुलाला कधी झटके आले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय फ्लॅश वापरू नका. फोन येतो तेव्हाच हे दोन प्रश्न विचारायची सवय लावा.

याच्याशी लागून एक गोष्ट सांगते. लेन्सच्या अगदी जवळच्या फ्लॅशने, म्हणजे मोबाइलने वगैरे, काढलेल्या फोटोत डोळे लाल येतात, ते नेहमीचं आहे. पण एका डोळ्याची बाहुली लाल आणि दुसऱ्याची पांढरी किंवा पिवळट चमकलेली पुन्हा पुन्हा दिसली, तर मुलाला लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगा. नजरेच्या एखाद्या कोनातही तसं दिसू शकतं. पण कधी त्यामागे मोतीबिंदू असतो, आणि कधी रेटिनोब्लास्टोमा नावाचा डोळ्यांच्या पडद्याचा कर्करोग. तो बहुतेक पाच वर्षांच्या आतल्या मुलांत होतो आणि वेळेत कळला तर बरा होऊ शकतो. बाजूला ठेवलेल्या स्टुडिओ लाइटमध्ये ही चमक सहसा दिसत नाही. पण पालक तुम्हाला मोबाइलमधले जुने फोटो दाखवत असतातच, तेव्हा नजर असू द्या. घाबरवू नका, फक्त ‘एकदा दाखवून घ्या’ म्हणा.

आता स्टँड. माझ्या हातून घडलेलं सांगते. एका मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो चालू होते, आजी कौतुकाने पुढे आली, तिच्या पायात वायर अडकली आणि फ्लॅशसकट स्टँड कलला. मुलीपासून दीड फुटावर आदळला. काच फुटली, कोणाला लागलं नाही, पण त्या दिवशी मी पुढचा एकही फोटो काढू शकले नाही. हात थरथरत होते. तेव्हापासून प्रत्येक स्टँडच्या पायावर पाच-सहा किलोंची वाळूची पिशवी असते, वायर भिंतीच्या कडेने टेपने चिकटवलेली असते आणि मुलाच्या डोक्यावर आडव्या दांड्यावर लाइट मी कधीच घेत नाही, कितीही सुंदर दिसत असला तरी. तुमचे फ्लॅश जुने असतील तर आतला हॅलोजनचा मॉडेलिंग दिवा (उजेड कुठे पडेल ते दाखवायला सतत जळणारा) चटका बसण्याइतका तापतो, तो बंद ठेवा. चाळीतल्या जुन्या वायरिंगला अर्थिंग आहे ना, हे वायरमनकडून तपासून घ्या.

जानेवारीत तुमच्याकडे बोरनहाणाची रांग लागेल, म्हणून त्याचं वेगळं सांगते. त्या वेळच्या अडचणी वर्षभरात पुन्हा येत नाहीत. काळं झबलं किंवा काळं परकर-पोलकं आणि त्यावर पांढऱ्याशुभ्र हलव्याचे दागिने. काळं कापड उजेड पितं आणि हलवा तो सगळा परत फेकतो. कापड दिसावं म्हणून उजेड वाढवलात की हलव्याचा चुन्याचा ठिपका होतो. हलव्याची गंमत त्याच्या काट्यांत आहे, आणि ते काटे समोरच्या उजेडात दिसत नाहीत, थर्माकोलचे मणी वाटतात. म्हणून इथे माझा नेहमीचा नियम मोडते: मोठा लाइट ६० अंशांपर्यंत बाजूला नेते आणि समोरून सनबोर्डचा (हलक्या कडक फोमच्या शीटचा) पांढरा तुकडा लावून चेहरा सांभाळते. उजेड हलव्यावर मोजते आणि अर्धा स्टॉप कमी ठेवते. काळे कपडे पडद्यातून सुटे दिसावेत म्हणून दुसरा फ्लॅश मागून तिरका लावते, तो खांद्याची आणि मुकुटाची कड उजळतो. त्याचं तोंड लेन्सकडे येऊ देऊ नका, नाही तर सगळा फोटो धुरकट होतो. पडदा काळा नको, करडा किंवा मरून घ्या. बोरं, कुरमुरे, गोळ्या डोक्यावरून ओतायचा क्षण एकदाच मिळतो. दोन्ही फ्लॅश १/८ पॉवरवर, आयएसओ ४००, आणि ओतणाऱ्या काकूला ‘हळूहळू ओता’ सांगून ठेवा. सगळे दागिने अंगावर असलेला फोटो आधी काढून घ्या. हलव्याच्या बांगड्या पाच मिनिटांत तोंडात जातात.

राहिलं त्वचेचं. बाळाला तेल लावून आणतात, कपाळ चमकतं. पावडर थापू नका, कोरड्या मऊ कापडाने टिपून घ्या. मोठ्या लाइटमध्ये ती चमक पसरून छानच दिसते. करदोटा, वाळे, गालावरची तीट यांना फोटो साफ करताना हात लावायचा नाही. एकदा मी एका फोटोतली तीट डाग समजून पुसली होती. आजीने फोटो परत पाठवला, आणि तिचं बरोबर होतं. ‘जरा उजळ करा’ ही मागणीही येणार. सावळ्या मुलाचा फोटो एक स्टॉप उजळ केला की मूल गोरं होत नाही, गालावरची सगळी छटा जाऊन चेहरा सपाट होतो. मी पालकांना दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून दाखवते आणि गप्प बसते. बहुतेक जण नीट असलेलीच उचलतात. जे उचलत नाहीत त्यांना मी दुसऱ्या स्टुडिओचा पत्ता देते. गिऱ्हाईक जातं, जाऊ दे. उजेड मुलाच्या जागेवर हातातल्या मीटरने मोजा, नाही तर करड्या कार्डावर. कॅमेऱ्याच्या आपोआप मोजमापावर सोडलंत तर तो पांढरं झबलं बघून एक सांगेल आणि काळं बघून भलतंच.

खरेदीचं विचारलं नव्हतंत, तरी: नवा फ्लॅश घेऊ नका. सात फुटी छत्री, वाळूच्या पिशव्या, मलमल आणि सनबोर्डचे दोन तुकडे एवढंच घ्या. छत्रीसाठी फोर्टात बोरा बाजारला जा, दुकानात उघडून बघा, काड्या मोडक्या निघतात. पावसाळ्यात छत्री आणि सॉफ्टबॉक्स दमट असताना घडी करून ठेवले की काळे ठिपके येतात आणि मग ते कापड उजेडही डागाळलेला देतं. लेन्स बंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा.

पहिलं गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशी नारळ आणा, शेंडीवाला. पाटावर उशी, उशीवर नारळ, म्हणजे बसलेल्या बाळाची उंची झाली. त्याचे तीन डोळे कॅमेऱ्याकडे करा आणि चटईच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्ये ठेवून पाच फोटो काढा, सगळे आकडे तेच ठेवून. पाचही फोटोंत नारळ सारखा उजळ दिसला, शेंडीची सावली डोळ्यांवर आली नाही आणि पडद्यावर काळा डाग पडला नाही, तर लाइट तिथेच ठेवा आणि स्टँडच्या पायांच्या जागी फरशीवर टेपची खूण करा. एखाद्या कोपऱ्यात काळा आला तर छत्री अर्धा फूट मागे घ्या आणि पुन्हा पाच. मला पहिल्या दिवशी बावीस फोटो लागले होते. रात्री त्याच नारळाचं वाटण केलं.